अकरा उलटे दगड

रस्ते खात्याच्या डेपोत मी टेलिफोनवर लागले तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि चुनामामा मला अजिबात आवडले नव्हते. त्याला कारणही तसंच होतं. माझ्या पहिल्याच दिवशी ते डबा आणि ब्रश घेऊन आले आणि माझ्या टेबलावर, खुर्चीच्या पाठीवर आणि खिडकीत ठेवलेल्या पाण्याच्या जगवर नंबर घालून मोकळे झाले.

"तो जग माझ्या घरचा आहे," मी म्हटलं.

"आवारात आला ना? मग खात्याचा. बिननंबरी वस्तू हरवते."

"मग माझ्याही कपाळावर घाला एक."

त्यांनी ब्रश डब्यात बुडवला, कडेला निथळला आणि माझ्या कपाळाकडे माप घेतल्यासारखं बघितलं. "तू कायम झालीस की घालू. तात्पुरत्या वस्तूंना आम्ही नंबर देत नाही."

हे सगळ्यांदेखत. हेडक्लार्कांना तर हसता हसता ठसका लागला. शब्द चांगलाच झोंबला, कारण तो खरा होता. मी सहा महिन्यांच्या बोलीवर होते. घरी वडील नव्हते. आई शिवणकाम करायची, धाकटी बहीण नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती, आणि सहा महिन्यांनी मला कायमचं पत्र मिळणार या एका भरवशावर आमचं घर चाललं होतं. आईची निम्मी वाक्यं तेव्हा "पत्र आलं की" अशीच सुरू व्हायची. पत्र आलं की छपराचे पत्रे बदलू, पत्र आलं की धाकटीला बूट घेऊ. मी घरातून निघाले की ती दारात उभी राहून माझ्याकडे अशी बघायची, जणू पत्र मीच कुठंतरी दडवून ठेवलंय.

चुनामामांचं खरं नाव हजेरीपटापुरतं होतं. एरवी साहेबांपासून झाडूवाल्या बाईपर्यंत सगळे त्यांना चुनामामाच म्हणत. रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडांना चुना फासायचा आणि वाळला की त्यावर काळ्या रंगात आकडा काढायचा, हे त्यांचं काम. "एकतीस वर्षं सरकारला राजरोस चुना लावतोय आणि एक ठपका नाही," हा त्यांचा ठरलेला विनोद. नवीन माणूस आला की त्याला तो ऐकावा लागे, आणि हसला नाही तर दुसऱ्या दिवशी परत.

ठपका नाही हे मात्र विनोदाचं नव्हतं. डेपोच्या लांब ओसरीत एक लाकडी फळा होता. एकही शेरा न लागता जो निवृत्त होईल त्याचं नाव त्यावर पांढऱ्या अक्षरांत घालायची पद्धत होती. तीस-चाळीस वर्षांत सगळी मिळून नऊ नावं. त्यातली शेवटची पाच मामांनीच रंगवलेली. दहाव्या नावासाठी त्यांनी पेन्सिलीनं दोन बारीक रेघा मारून ठेवल्या होत्या, वरची आणि खालची, म्हणजे अक्षर वाकडं व्हायला नको. त्यांच्या निवृत्तीला चार महिने राहिले होते. स्वतःचं नाव स्वतः कसं रंगवणार, असं कुणी चिडवलं की म्हणायचे, "दुसऱ्या कुणाला जमणार आहे का? निदान मरताना तरी नाव सरळ असावं."

त्यांच्या घरी मी एकदाच गेले होते तोवर, हेडक्लार्कांबरोबर, कसल्याशा सहीसाठी. दोन खोल्यांचं घर. स्वयंपाकघराच्या फळीवर एकसारखे पत्र्याचे डबे, आणि एकावरही नाव नाही, सगळ्यांवर आकडे. मामी चहा करताना आतून म्हणाल्या, "अहो, चौदा नंबर खाली काढून द्या," आणि मामांनी साखर काढून दिली. पाहुण्यानं काही शोधायचं म्हटलं तर जन्म जायचा. जिन्याच्या पायऱ्यांवर आकडे, ते नातीसाठी. नात वर चढताना मोजायची आणि उतरताना तिला काही केल्या मोजता येत नसे. "आजोबांवर गेलीय," मामी म्हणाल्या. तेव्हा मी नुसती हसले. त्या वाक्यात पुढचं सगळं होतं हे मला कुठं ठाऊक होतं.

कारण त्याच सुमारास वरून फर्मान आलं की आमच्या भागातल्या सगळ्या महामार्गांचे नंबर बदलायचे.

तसं ते बदलायलाच हवे होते. जुने नंबर ज्याच्या मनाला जसे आले तसे त्यानं दिलेले. एकाच रस्त्याचे तीन तुकडे आणि तिन्हींना वेगवेगळे नंबर, उलट तीन नंबरचे रस्ते दोन, आणि दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. साहेब म्हणजे आमचे इंजिनिअर, वयानं तरुण, बोलायला तुटक, पण कामाचे. त्यांनी सगळ्यांना गोळा करून नकाशा समजावला. आमचा सात नंबर आता बेचाळीस होणार. आणि नुसतं तेवढंच नाही. जुन्या रस्त्याचा शून्याचा दगड आमच्या डेपोच्या दारात होता आणि तिथून आकडे वाढत एकशेवीसपर्यंत जात. नव्या नियमानं सगळ्या रस्त्यांची मोजणी मुख्य शहराच्या बाजूनं सुरू होणार, म्हणजे आमचा शून्य पलीकडच्या टोकाला आणि आमच्या दारात एकशेवीस.

"म्हणजे आपण शेवटचे," कुणीतरी मागून म्हणालं.

"आपण जिथं होतो तिथंच आहोत," साहेब म्हणाले. "मोजणारा उलट्या बाजूनं येतोय, एवढंच."

ड्रायव्हर लोकांनी हे सगळं या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडलं. ते दगड वाचतच नसत. त्यांचा रस्ता वळणांनी, झाडांनी आणि मोऱ्यांनी बनलेला. नाक्यावरच्या चहावाल्याच्या पाटीवर "सात नंबर चहा" असं होतं. त्यानं बेचाळीस करायला साफ नकार दिला. बेचाळीस नंबरचा चहा लोक शिळा समजतील म्हणाला.

सगळ्यात जास्त ओढाताण माझी झाली. मोबाईल तेव्हा हातोहाती नव्हते. रस्त्यात काही झालं की कुणीतरी जवळच्या दुकानात किंवा पंपावर जाऊन आमच्या नंबरवर फोन करायचं आणि दगडाचा आकडा सांगायचं. आता फोन करणारा परका माणूस नवा आकडा वाचून सांगणार, आणि अँब्युलन्सच्या ड्रायव्हरला मात्र जुनाच कळणार. मधे मी. साहेबांनी मला एक तक्ता करून दिला, पुठ्ठ्यावर चिकटवलेला. डावीकडे नवे आकडे, उजवीकडे जुने. एक रांग चढती, एक उतरती. पहिल्याच दिवशी माझी नजर एका ओळीनं घसरली आणि गाडी ओढणारा ट्रक मी चुकीच्या जागी पाठवला. एक किलोमीटरचाच फरक, पण त्या ड्रायव्हरनं परत आल्यावर माझी शाळा घेतली आणि साहेबांनी वहीत नोंद केली. तेव्हापासून मी लाकडी पट्टी ओळीखाली धरल्याशिवाय तक्ता वाचला नाही. कधीच नाही. हे मी आज छातीठोकपणे सांगते. तेव्हा सांगू शकले नाही.

आता मामांच्या कामाची रीत सांगायला हवी, कारण सगळं घोडं तिथंच अडलं.

एकतीस वर्षं हा माणूस डेपोकडे पाठ करून निघायचा आणि पुढे पुढे जात दगड रंगवायचा. पुढे जाईल तसा आकडा चढायचा. नवा आकडा उलटा झाला, म्हणजे पुढे जाताना उतरायला लागला, तेव्हा मामांनी पहिल्याच सकाळी साहेबांना सांगितलं, "उतरता आकडा माझ्या हाताला येत नाही. मला ट्रकनं लांबच्या टोकाला सोडा. मी डेपोकडे रंगवत येतो. म्हणजे चढताच राहील." साहेबांना पटलं. रोज सकाळी ट्रक मामांना सायकल आणि डब्यांसकट त्या दिवसाच्या शेवटच्या दगडाशी सोडायचा आणि मामा तोंड घराकडे करून आकडे चढवत यायचे. निघताना कागदावर फक्त पहिला आणि शेवटचा आकडा लिहून घ्यायचे आणि कागद टोपीत ठेवायचे. मधले कशाला बघायचे? एकामागून एक येतातच. दोन दिवसांत चोवीस दगड झाले, एकही चुकला नाही.

तिसऱ्या दिवशी कागदावर होतं, पंच्याऐंशी ते पंच्याण्णव. जुने पस्तीस ते पंचवीस. त्या सकाळी ट्रक बंद पडला. मामांनी सायकल बसच्या टपावर टाकली, आणि कंडक्टरनं त्यांना पहिलाच न रंगवलेला दगड दिसला तिथं, म्हणजे जुन्या पंचवीसपाशी, उतरवलं. जवळच्या टोकाला. डेपो पाठीशी होता, समोर चुना फासून कोरा केलेला दगड होता, कागदावरचा पहिला आकडा पंच्याऐंशी होता. हातानं पंच्याऐंशी काढलं. पुढच्याला शहाऐंशी. एकतीस वर्षांची सवय पाठीशी उभी राहिली आणि मामा आनंदानं चढत गेले. अकराव्या दगडावर पंच्याण्णव काढलं, दोनच्या बसनं परतले आणि वाटेत खुशाल झोपले.

अकरांपैकी सहावा, नव्वदचा, तेवढा बरोबर निघाला. कसाही मोजा, मधला मधलाच राहतो.

अडीच वाजता माझा फोन वाजला. एका बाईचा आवाज, धाप लागलेली. स्कूटरला टेम्पोनं उडवलं होतं, नवऱ्याच्या पायातून रक्त थांबत नव्हतं. "दगड त्र्याण्णव," ती म्हणाली. दोनदा म्हणाली. मी पट्टी धरली, त्र्याण्णवसमोर सत्तावीस, आणि अँब्युलन्सला सत्तावीस सांगितलं. रजिस्टरमध्येही सत्तावीस लिहिलं. फोनवर सांगितलेला आकडा लिहायला त्यात रकानाच नव्हता.

ड्रायव्हरदादा सत्तावीसच्या मोरीपाशी पोचले. तिथं कुणी नाही. समोरच दगडावर मामांच्या सुबक हातानं सत्त्याऐंशी लिहिलेलं होतं. ते वाचून त्यांनी मला कळवलं असतं तर तेव्हाच उलगडा झाला असता, पण वीस वर्षांत त्यांनी दगड वाचला नव्हता, तो त्या दिवशी कशाला वाचतील? त्यांनी खाली ओढ्यात बघितलं, मागे फिरून पाहिलं, परत आले. शेवटी एका सायकलवाल्यानं सांगितलं की अपघात पुढे आहे, तेहतीसला. चाळीस मिनिटं गेली.

माणूस वाचला. हे आधीच सांगून टाकते, कारण मी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ते कळायची वाट बघत टेबलाची कड धरून बसले होते. पाय पुढे थोडा वाकडा राहिला. पण वाचला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला बोलावलं. समोर रजिस्टर उघडं. सत्तावीस. अपघात तेहतीसला. तेहतीसचा नवा आकडा सत्त्याऐंशी. मी म्हटलं, फोनवर मी त्र्याण्णव ऐकलं होतं. "त्र्याण्णव कुठून आलं?" त्यांनी विचारलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"बाईंनी तसंच सांगितलं, साहेब."

"दगडावर नसलेला आकडा त्या कशा सांगतील? आणि तुमची ही दुसरी वेळ."

मी तक्ता चुकीचा वाचला, हे त्यांचं म्हणणं. आणि खरं सांगायचं तर एव्हाना माझंही तेच म्हणणं झालं होतं. मी मनात पुन्हा पुन्हा पट्टी धरत होते आणि प्रत्येक वेळी ओळ वेगळी दिसत होती. शनिवारपर्यंत लेखी खुलासा द्या, मग नेमणुकीचं बघू, असं सांगून त्यांनी मला पाठवलं. नेमणुकीचं बघू म्हणजे काय ते मला न समजण्याइतकी मी लहान नव्हते. हेडक्लार्कांनी बाहेर हळूच विचारलं, "दुसरीकडे कुठं ओळख आहे का?"

त्या संध्याकाळी मी दवाखान्यात गेले. त्या बाई बाकावर बसल्या होत्या. मला वाटलं होतं त्या माझ्यावर तुटून पडतील. त्यांनी बसायला जागा करून दिली. आकडा काय सांगितला, हे त्यांना आता आठवत नव्हतं. "डोकं ठिकाणावर नव्हतं हो. दगडाला धरून उभी राहिले, तेवढं आठवतंय." त्यांनी तळहात दाखवला. मधोमध काळा डाग होता, घासूनही न गेलेला. "हे बघा, त्याचा रंगसुद्धा हाताला आला."

घरी मी आईला काही सांगितलं नाही. आई म्हणाली, पत्र आलं की आपण खिडकीला पडदे शिवू. मी बरं म्हटलं.

अपघातानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी मी खुलासा लिहीत बसले होते. "माझ्या निष्काळजीपणामुळे" इथपर्यंत आले होते. मामा ओसरीतून आत आले. ते दोन दिवस रजेवर होते, नातीला ताप होता. डेपोतली बातमी त्यांना नुकतीच लागली होती.

"रडतेस काय?" ते म्हणाले.

"रडत नाही. लिहितेय."

त्यांनी उभ्या उभ्या कागद वाचला. मग मला सगळं पहिल्यापासून विचारलं, आणि मी सांगितलं, चिडूनच सांगितलं, कारण रोज मला तात्पुरती वस्तू म्हणणाऱ्या माणसाला आता तरी समाधान वाटलं असेल असं माझ्या मनात होतं. बाईंच्या हातावरच्या डागाचंही सांगितलं. तिथं ते थांबले.

"कुठल्या दगडाला धरलं होतं त्यांनी?"

"तेहतीसच्या. अपघात तिथंच झाला."

"आणि रंग ओला होता."

"हो. हात काळा झालाय त्यांचा."

मामांचे ओठ हलायला लागले. बोटांवर काहीतरी मोजलं, चढतं. मग पुन्हा मोजलं, उतरतं. त्यांचा चेहरा कधी नव्हे तो कोरा झाला. मला म्हणाले, "हा कागद आत्ता देऊ नकोस," आणि बाहेर जाऊन सायकल घेऊन निघून गेले. डबे घेऊन गेले. मला वाटलं, म्हातारा कामाला लागला. मी त्यांच्यावर मनातल्या मनात खूप काही बोलून घेतलं.

दुपारी तीनला ते परत आले. शर्ट घामानं चिकटलेला, डबे जसेच्या तसे भरलेले. थेट साहेबांच्या खोलीत गेले. दार उघडंच होतं.

"साहेब, जीप काढा. तुम्हाला अकरा दगड दाखवायचेत."

"काय झालंय?"

"ते इथं सांगून पटणार नाही. आणि या पोरीलाही घ्या बरोबर."

मी पुढच्या सीटवर बसले नाही, मागे डब्यांशेजारी बसले. पंचवीसपाशी जीप थांबली. दगडावर ठळक, देखणं पंच्याऐंशी. साहेबांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. पुढे सत्तावीसला सत्त्याऐंशी. तेहतीसला त्र्याण्णव. काळ्या आकड्यावर तळहाताचा अस्पष्ट ठसा, आणि तिथला रंग किंचित उडालेला. मी तो ठसा पाहिला. मी बरोबर होते. मी पट्टी नीट धरली होती, ओळ नीट वाचली होती. तीन दिवसांनी मला माझे डोळे परत मिळाले. त्या क्षणी मला जे वाटलं त्याला आनंद म्हणायचं की काय, ते ठाऊक नाही, पण मी ढसाढसा रडले. मामा बाजूला उभे राहून सायकलची घंटी पुसत असल्यासारखं करत होते. सायकल डेपोत होती. हातात नुसतं फडकं होतं.

साहेबांनी दगडाभोवती एक फेरी मारली. मग म्हणाले, "आधी रंगवून टाकले असते तर कुणाला कळलं नसतं."

"हो," मामा म्हणाले. "आणि हिची नोकरी गेली असती."

मामांना चूक लपवण्याचा मोह झालाच नसेल, असं मला बरीच वर्षं वाटायचं. मी तसं एकदा बोलूनही दाखवलं, ते निवृत्त झाल्यावर, त्यांच्या घरी. तेव्हा ते म्हणाले, "डबा उघडला होता गं मी. पंचवीसच्या दगडापाशी. झाकण काढलं, ब्रश बुडवला, आणि तासभर बसलो. फळ्यावरच्या त्या दोन रेघा डोळ्यांसमोर होत्या. अकरा दगड म्हणजे दिवसाचं काम. कोण बघायला येतंय?" मामी चहा ओतता ओतता थांबल्या. त्यांनाही हे नवीन होतं. "मग?" मी विचारलं. "मग तुझा जग आठवला. म्हटलं, पोरीचा घरचा जग आपण खात्याचा करून टाकला, निदान तिला तरी खात्याची राहू द्यावी." एवढं बोलून त्यांनी बिस्किट चहात बुडवलं. ते तुटून आत पडलं, आणि मग त्यांचं सगळं लक्ष ते काढण्यात गेलं.

मी त्या माणसाचे उपकार मानते ते एवढ्यासाठी. ज्याला मोह होत नाही तो चांगला वागला तर त्यात त्याचं काय गेलं? मामांचं गेलं. एकतीस वर्षं आणि आठ महिन्यांनंतर त्यांच्या सेवापुस्तकात लाल शाईत चार ओळी आल्या. साहेबांचाही नाइलाज होता, माणूस जिवानिशी जाता जाता वाचला होता. त्या ओळी लिहिताना साहेबांनी दोनदा पेन खाली ठेवलं, हे मी दारातून पाहिलं. फळ्यावर दहावं नाव आलं नाही. पेन्सिलीच्या रेघा मात्र तशाच राहिल्या. पुढे डेपोला रंग काढताना कंत्राटदार तो फळाही घासायला निघाला होता. तेव्हा टेलिफोन विभाग माझ्या हाताखाली होता. मी त्याला असं काही झापलं की तो फळ्याकडे पुन्हा फिरकला नाही.

पण हे नंतरचं. त्या दिवशी साहेबांनी एवढंच सांगितलं की उद्या सकाळी पहिल्यांदा हे अकरा दगड दुरुस्त करायचे.

"एक माणूस द्या बरोबर," मामा म्हणाले.

"कोण हवाय?"

"ही."

साहेबांनी टेलिफोनवर शिपायाला बसवलं आणि मला पाठवलं. ट्रक दुरुस्त झाला होता, तरी मामा बसनंच निघाले आणि मुद्दाम जवळच्या टोकाला, पंचवीसलाच उतरले. मी म्हटलं, "लांबच्या टोकाला जाऊया ना. तुम्हाला चढता लागतो."

"आज उतरता काढणार."

त्यांनी दगडावर चुना फासला आणि तो वाळेपर्यंत आम्ही सावलीत बसलो. मग ब्रश काळ्या रंगात बुडवून ते दगडासमोर उकिडवे बसले. टोपीत कागद नव्हता. माझ्या मांडीवर साहेबांचा पुठ्ठ्याचा तक्ता होता. येताना त्यांनीच तो भिंतीवरून काढून माझ्या हातात दिला होता. तोच, जो मी चुकीचा वाचला असं सगळा डेपो तीन दिवस म्हणत होता.

"वाच," ते म्हणाले.

"तुम्ही बघा ना."

"मी काढतो. तू वाच. जुना पंचवीस."

मी पट्टी ओळीखाली धरली. "पंच्याण्णव."

त्यांनी पंच्याण्णव काढलं. एकदाही मान वळवली नाही. पुढच्या दगडाशी गेलो. मी वाचलं, चौऱ्याण्णव. त्यांनी काढलं. सत्तावीसच्या मोरीपाशी मी त्र्याण्णव म्हणताना माझा आवाज अडखळला. मग घाईघाईनं म्हटलं, "मामा, एकदा बघून तरी घ्या. माझी चूक झाली तर पुन्हा तुमच्यावर येईल."

"बघायचं असतं तर तुला कशाला आणलं असतं?" ते म्हणाले, आणि त्र्याण्णव काढायला लागले.

त्यानंतर माझा आवाज अडखळला नाही. मी मोठ्यानं वाचत गेले, रस्त्यानं ट्रक गेला तर त्याच्याही वरच्या पट्टीत. ब्याण्णव, एक्क्याण्णव. नव्वदचा दगड बरोबरच होता, पण मामांनी तोही पुसून माझ्या तोंडून ऐकून पुन्हा काढला. एका माणसाची सगळी अब्रू ज्या अकरा दगडांवर गेली होती, ते दगड तो माझ्या वाचण्यावर, डोळे झाकून म्हणावं तसा, पुन्हा रंगवत होता. आतापर्यंत कुणी माझ्यावर इतका विश्वास टाकला नव्हता. आईनंसुद्धा नाही, ती दुधाचा हिशेबही पुन्हा करून बघायची.

पस्तीसला पंच्याऐंशी काढून झालं तेव्हा दुपार कलली होती. मामा गुडघ्यावर हात देऊन उठले. ब्रशला थोडा रंग उरला होता. तो फडक्याला पुसण्याऐवजी त्यांनी माझ्याकडे बघितलं, आधी कपाळाकडे, मग म्हणाले, "हात पुढे कर."

मी केला. त्यांनी माझ्या मनगटाच्या आतल्या बाजूला नेटका, सरळ एकचा आकडा काढला.

"पत्र आलं नाही अजून," मी म्हटलं.

"त्यांचं येईल तेव्हा येईल. माझ्याकडून तू आज कायम."

पत्र महिन्याभरानं आलं. मनगटावरचा रंग जायला आठ दिवस लागले. मी तो फारसा घासला नाही.